हेंगारींची तीन पिल्लं

"काल संध्याकाळी मी तुमची मादी मारली," झेफानिया हेंगारी म्हणाले. "गळ्यात पट्टा असलेली."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. अंगात काळा कोट, पांढरा सदरा, पायांत पॉलिश केलेले बूट. मागे त्यांची जुनी पिकअप इंजिन चालू ठेवूनच उभी होती. पेत्रिना आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये औषधांच्या बाटल्या पेट्यांत भरत होतो. माझ्या हातात हातोडी होती, ती तशीच राहिली. मादीचं दुःख व्हायच्या आधी मनात आलं ते एवढंच, की हा माणूस आज पहिल्यांदाच आमच्या फाटकातून आत आलाय.

हेंगारी हेरेरो भाषेत बोलत आणि पेत्रिना मला इंग्रजीत सांगे. हेही वाक्य तिने सांगितलं, आणि मग ती एका पेटीवर बसली.

मी मूळची विट्याची. वडील जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होते. मी मुंबईला पशुवैद्यकाची पदवी घेतली, दोन-तीन ठिकाणी नोकऱ्या केल्या आणि एका छोट्या संस्थेच्या कामावर नामिबियात आले. देशाच्या पूर्व भागात, कालाहारीच्या काठाला आमचा तळ होता. चित्ते पिंजऱ्यात धरायचे, भूल द्यायची, रक्त तपासायचं, गळ्यात रेडिओचा पट्टा बांधायचा आणि सोडून द्यायचं, हे माझं काम. गुराख्यांच्या घरोघरी जाऊन चित्त्यांना गोळ्या घालू नका म्हणून विनवायचं, हे पेत्रिनाचं. ती दमारा समाजातली, आधी शाळेत शिकवायची.

पेत्रिनाचं काम माझ्या कामापेक्षा मोठं होतं. त्या देशातले बहुतेक चित्ते अभयारण्यात राहतच नाहीत. ते राहतात लोकांच्या चराऊ रानात, त्यांच्या गाई-शेळ्यांच्या मधे. शेळ्या वाचवण्यासाठी गोळी घालायला कायद्याचीही आडकाठी नव्हती. म्हणजे चित्ता जगणार की मरणार, हे त्या माणसांच्या मनावर. आणि आमच्या भागातली मनं हेंगारींच्या मुठीत होती. साठी ओलांडलेला, उंच, एका खांद्याने किंचित वाकलेला माणूस. पशुपालकांच्या संघाचे अध्यक्ष. लहानथोर सगळे त्यांना 'ताते' म्हणत, म्हणजे बाबा. शेळ्यांच्या राखणीसाठी आम्ही मोठ्या जातीची कुत्र्याची पिल्लं वाटत होतो, ते त्यांनी भर सभेत नाकारलं होतं. ज्या घरात पोरांना दूध पुरत नाही त्या घराला तुम्ही कुत्रं देता, असं ते मला म्हणाले होते. चिडून नव्हे, अगदी शांतपणे. 

"मग?" मी विचारलं. आवाज कोरडा निघाला असणार.

हेंगारींनी उजवा हात पुढे केला. अंगठा बोटांवर चोळला, काहीतरी ओलं लागल्यावर चोळतो तसा, आणि एकच शब्द उच्चारला. तो मला येत होता. दूध.

"कातडं काढायला तिला उलटी केली," ते म्हणाले. "हाताला दूध लागलं. पिल्लं आहेत कुठेतरी. कालपासून उपाशी."

मादी पिकअपच्या मागच्या हौद्यात ताडपत्रीखाली होती. मी ताडपत्री बाजूला केली आणि तिला ओळखलं. त्या देशात मी पट्टा बांधलेलं ते पहिलं जनावर. तेव्हा पट्ट्याचा नट मला आवळताच आला नव्हता, तो पेत्रिनाने आवळला होता. आता तिच्या मानेखाली रक्त सुकलं होतं, आणि पोटाशी सड भरलेले होते. त्यांच्याभोवतीचे केस पिल्लांनी लुचून लुचून चिकटवून टाकले होते. मी एकेक सड दाबून पाहिला. तीन तरी पिल्लं असावीत, दोन-अडीच महिन्यांची. त्या वयाची पिल्लं थोडं मांस खातात, पण शिकार करू शकत नाहीत. आई ठेवून गेली त्या जागी गप्प बसून राहतात. ऊन आणि कोल्हे मिळून त्यांना फार तर आणखी एक-दोन दिवस देणार होते.

आदल्या आठवड्यात आमच्या रेडिओवर तिच्या पट्ट्याची खूण रोज एकाच बाजूला सापडत होती, हेंगारींच्या बोअरवेलच्या पलीकडे, कोरड्या नदीपात्राजवळ. पण ते पात्र लांबच लांब आणि दोन्ही काठांना माणूस शिरणार नाही अशी काटेरी झुडपं. आम्ही तिघांनी शोधायचं म्हटलं तर आठवडा गेला असता. पुष्कळ माणसं लागतील, मी म्हटलं.

पेत्रिनाने माझ्याकडे पाहिलं. "आपल्या कामाला? कोण येईल?"

तिने हे भाषांतर करून सांगितलं नव्हतं, पण हेंगारींना कळलं असावं. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली.

"आज रविवार आहे," ते म्हणाले. "सगळे एका जागी सापडतील."

वाटेत त्यांनी तुटक तुटक जे सांगितलं ते पेत्रिनाने मला कळवलं. चुकलेली कालवड शोधायला गुराखी गेला होता. शेळ्या पाण्यावर एकट्या होत्या. मादी उजेडीच आली आणि तिने एक शेळी पाडली. ते बंदूक घेऊन धावले. अशा त्यांनी आयुष्यात बऱ्याच मारल्या होत्या आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. मग आजच आमच्याकडे का आलात, हे मला विचारायचं होतं. पण पेत्रिनाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर, पांढऱ्या भिंती आणि समोर एक मोठं बाभळीसारखं झाड. प्रार्थना नुकतीच संपली होती. त्या वर्षी दुष्काळ होता, माणसं वाळून गेली होती, पण रविवारचा पोशाख कोणी सोडला नव्हता. बायकांचे कमरेपासून घेर पसरलेले पायघोळ झगे, एकावर एक चढवलेले परकर, खांद्यावर शाली, आणि डोक्यावर गाईच्या शिंगांसारखी दोन टोकं काढून बांधलेलं कापड. गाई हेच ज्यांचं वैभव त्या समाजाच्या बायका ते डोक्यावर मिरवतात. त्यांत हेंगारींची बायको आस्नात उभी होती, फिकट जांभळ्या झग्यात. तिला सगळे 'मामा' म्हणत, म्हणजे आई. मला विट्याच्या बाईला म्हाताऱ्या बाईला मामा म्हणायला जमेपर्यंत वर्ष गेलं होतं.

हेंगारी पिकअपच्या पायरीवर चढले. त्यांनी ताडपत्री काढली आणि आम्हाला सांगितलं होतं तेच, तेवढ्याच शब्दांत लोकांना सांगितलं. मी हिला मारलं. हिला पिल्लं आहेत. मला ती शोधायची आहेत, माणसं हवीत.

कोणी हललं नाही. मग त्यांचा पुतण्या उआरिपी पुढे आला. तिशीचा, रुंद बांध्याचा. त्या उन्हाळ्यात त्याची दोन वासरं चित्त्यांनी नेली होती, आणि ती नेणाऱ्यांत ही मादीही असावी असं मला तेव्हाही वाटत होतं.

"मेली तर तितकी तोंडं कमी होतील," तो म्हणाला. "ताते, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"शिकवलं," हेंगारी म्हणाले.

"मग आज काय झालं?"

 पेत्रिना माझ्या कानाशी लागून एकेक शब्द सांगत होती.

"हिच्याशी माझं भांडण होतं," ते म्हणाले. "काल ते संपलं. पिल्लांशी माझं भांडण नाही. माझ्या गोठ्यात आई मेलेलं करडू मी कधी उपाशी ठेवलं नाही, आणि उआरिपी, तुलाही ठेवू दिलं नाही."

उआरिपी वळला आणि आपल्या घोड्याकडे चालता झाला. बाकीची माणसं जमिनीकडे बघत होती. तेवढ्यात आस्नात पुढे आली, तिने एका हाताने झग्याचा घोळ गोळा केला आणि दुसरा हात वर केला. हेंगारींनी तो धरून तिला हौद्यात ओढून घेतलं. ती मेलेल्या मादीच्या शेजारी पाय दुमडून बसली. तिच्यामागे आणखी एक बाई चढली. मग दोघी. मग पुरुष आपापल्या गाड्यांकडे, गाढवांच्या छकड्यांकडे निघाले.

नदीपात्रापाशी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. पेत्रिनाने सगळ्यांना एका रांगेत उभं केलं, हाताच्या अंतरावर. सावकाश चालायचं, हाका मारायच्या नाहीत. पिल्लांचा आवाज मांजरासारखा येणार नाही, पाखरासारखा येईल, बारीक चिवचिव. तो ऐकायचा. एवढं सांगून तिने रांगेला हात केला आणि रविवारच्या कपड्यांतली ती माणसं काट्यांत शिरली.

तिथल्या एका झुडपाचं नावच 'जरा थांब' असं आहे. त्याचे काटे उलटे, बोरीसारखे आकडेदार. एकदा अडकलात की मागे सरकल्याशिवाय सुटका नाही. सगळीकडून कापड फाटल्याचे आवाज येत होते. हे झगे घरोघरी एकेकच असतात, लग्नाला, मयताला आणि देवाला जायचे. मी आस्नातला खुणेने म्हटलं, तुम्ही कडेने चला. तिने माझं ऐकल्याचं दाखवलं आणि सरळ आत घुसली.

दुपारपर्यंत काही मिळालं नाही. मी थोड्या थोड्या अंतरावर थांबून मादी पिल्लांना बोलावते तसा आवाज तोंडाने काढत होते. मला तो बरा जमतो अशी माझी समजूत होती. रानातून उत्तर आलं नाही. लोकांची तोंडं सुकली. अशात मागून छकड्याचा आवाज आला. उआरिपी पाण्याचं पिंप घेऊन आला होता. त्याने पाणी वाटलं, पिंप झाडाखाली ठेवलं आणि रांगेत एक जागा मोकळी होती तिथे जाऊन उभा राहिला.

त्यानंतर थोड्याच वेळाने एका म्हाताऱ्या बाईने हात वर केला. पडलेल्या झाडाच्या बुंध्यापाशी तिला दोनदा चिवचिव ऐकू आली होती, आणि पाखरू कुठे दिसत नव्हतं. मी पोटावर पडून पाहिलं. बुंध्याखाली रानडुकरांनी उकरलेली पोकळी होती, आणि तिच्या तोंडावर काट्यांची दाट जाळी. आत काही दिसत नव्हतं, पण वास येत होता. मी आवाज काढला. आत जी काय हालचाल होती ती थांबली.

काटे तोडायला गेलो असतो तर पिल्लं मागच्या बाजूने फुटली असती, आणि त्या रानात पुन्हा हाती लागली नसती. पिंजरा लावावा तर त्यांना पिंजऱ्यात शिरायचं कळायला दिवस लागले असते, आणि दिवस नव्हते. मी उकिडवी बसून विचार करत होते. सगळी माणसं लांब उभी राहून माझ्याकडे बघत होती. 

हेंगारी पेत्रिनाशी काहीतरी बोलले. तिने मला लगेच सांगितलं नाही.

"काय म्हणतायत?"

"म्हणतात, आईला आणू."

मला ते नको वाटलं. मग वाटलं, याशिवाय दुसरं आहे काय. मी मान हलवली.

मादीला उचलायला दोघं-तिघं पुढे झाले, पण हेंगारींनी कोणाला हात लावू दिला नाही. त्यांनी तिला दोन्ही खांद्यांवर आडवी घेतली, तिचे पाय छातीशी धरले आणि वाकलेल्या खांद्याने हळूहळू चालत आले. तो काळा कोट त्यांनी काढलाही नव्हता. जाळीपासून थोड्या अंतरावर त्यांनी तिला खाली ठेवलं, कुशीवर, पाजताना आई पडते तशी, सड जाळीकडे करून. मान जरा आत वळवली, जखम दिसू नये म्हणून. मग सगळे मागे हटले. वारा ज्या दिशेने जात होता त्या बाजूला गवतात आम्ही तिघं पडून राहिलो, हेंगारी, आस्नात आणि मी, हातात बायकांच्या शाली घेऊन.

बराच वेळ गेला. मग जाळीतून ती चिवचिव आली, एकदा आणि पुन्हा. एक डोकं बाहेर आलं. कपाळापासून पाठीवर करड्या केसांची आयाळ, डोळ्यांपासून ओठांपर्यंत काळ्या रेघा. पिल्लू दबकत आईपाशी आलं. तिचा कान हुंगला. पंजाने तिच्या गालावर दोनदा मारलं, ऊठ म्हणावं तसं. मग कान चाटायला लागलं. मागून दुसरं आलं, आणि शेवटी लंगडत तिसरं. ती दोघं थेट पोटाशी गेली आणि लुचू लागली.

मी हेंगारींकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. आस्नातने कोपराने ढोसल्यावर उघडले.

मी खूण केली आणि आम्ही उठलो. माझ्या शालीत एक आलं, हेंगारींच्या शालीत दुसरं. आस्नातची शाल काट्यात अडकली आणि लंगडं पिल्लू तिच्या पायांमधून सटकायला निघालं. ती बाई क्षणभरही थांबली नाही. पुढे झेप घेऊन आपल्या झग्याच्या सगळ्या घोळासकट ती त्याच्यावर खाली बसली, म्हणजे त्याच्याभोवती बसली. झगा फुगला, आतून फिसकारल्याचा आवाज आला, आणि मग आस्नात तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. लांब उभी असलेली सगळी माणसं हसायला लागली. हसता हसता काहींनी डोळे पुसले. काय म्हणाली म्हणून मी पेत्रिनाला विचारलं.

"म्हणते, लवकर काढा, हा माझ्या परकरांना आई समजतोय."

मी हात घालून त्याला बाहेर काढलं तेव्हा तिच्या पोटरीवर रक्ताच्या तीन रेघा उमटल्या होत्या.

पिल्लं आमच्या तळापर्यंत नेण्याच्या अवस्थेत नव्हती. त्यांना आधी पाणी आणि दूध हवं होतं. हेंगारींचं घर जवळ होतं. तिथे करडांना ठेवायचं छोटं खोपटं आस्नातने झाडून रिकामं केलं. मग ती भांडं घेऊन शेळ्यांमध्ये बसली. दुष्काळातल्या शेळ्या, चार-पाच शेळ्या पिळल्या तेव्हा जेमतेम भांडं भरलं. त्यात मी ग्लुकोज मिसळलं आणि करडांच्या बाटलीने पाजलं. मी बाटली धरली होती आणि पिल्लू माझ्या मनगटाला नखं रुतवून पीत होतं. हेंगारी बाहेर गेले. थोड्या वेळाने परत आले तेव्हा हातात परात होती आणि परातीत नुकत्याच कापलेल्या शेळीचं काळीज, बारीक चिरलेलं.

मादीचं कातडं त्यांनी काढलं नाही. मी तिच्या गळ्यातला पट्टा सोडवून घेतला आणि त्यांनी आणि उआरिपीने अंगणापलीकडे खड्डा खणला.

पुढचं सगळं सोपं नव्हतं. पिल्लं माणसाळली तर ती रानात कधीच सोडता आली नसती, आणि न माणसाळता वाढवायची तर कुंपण घातलेलं मोठं रान हवं होतं. आमच्याकडे तेवढी जागा नव्हती. संघाकडे वासरांसाठी राखलेलं एक कुरण होतं, त्या दुष्काळातलं तेवढंच हिरवं. मी ते मागितलं नव्हतं. मागायची माझी हिंमतही झाली नसती. पेत्रिना एक दिवस सभेहून आली आणि म्हणाली, दिलं. कुंपणाच्या तारा उआरिपीने आणि त्याच्या भावांनी ओढल्या. मांस गोणपाटाच्या आडोशामागून आत टाकायचं, कोणी बोलायचं नाही, पिल्लांना माणूस दिसू द्यायचा नाही, असा नियम केला. लोकांनी तो माझ्यापेक्षा जास्त काटेकोरपणे पाळला. शेजारून जाताना गुराखी शीळसुद्धा वाजवत नसत.

लंगडा नर पावसाळ्यात गेला. फुफ्फुसांत संसर्ग झाला होता. मी दोन दिवस त्याच्याजवळ बसून होते, पण काही करू शकले नाही. आस्नात येऊन त्याला पाहून गेली आणि आपल्या पोटरीवरचे वण चोळत राहिली. उरलेली मादी आणि नर वाढले. आत येणाऱ्या सशांवर हात साफ करत शिकले, मग लहान हरणं धरू लागले. दीड वर्षाची झाली तेव्हा आम्ही त्यांना पट्टे बांधले आणि एका सकाळी कुरणाचं फाटक उघडून लांब जाऊन उभे राहिलो. सगळा गाव आला होता. नर लगेच निघाला. मादी फाटकात बसून राहिली, इकडे तिकडे बघत. मग तीही उठली आणि गवतात नाहीशी झाली.

लोक पांगल्यावर हेंगारी आणि मी त्यांच्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसलो होतो. आस्नातने डब्यात आंबट दूध दिलं होतं, ते आम्ही आळीपाळीने पीत होतो. तोवर मला त्यांची भाषा बऱ्यापैकी येऊ लागली होती. खूप दिवस म्हणायचं राहिलेलं मी म्हटलं.

"ताते, मला तुमचे आभार मानायचे आहेत."

"कशाचे? मीच मारली होती."

"तुम्ही सांगायला आलात त्याचे. त्या रविवारी मी काय करत होते ठाऊक आहे? सामान बांधत होते. मंगळवारी मी कायमची परत जाणार होते."

 मग मी सगळंच सांगितलं. त्याच्या आधीच्या महिन्यात आम्ही पशुपालकांची सभा बोलावली होती. शाळेतून बाकं आणली, चहा केला. पेत्रिना आणि मी अंधार पडेपर्यंत बसलो आणि एकही माणूस आला नाही. त्याच रात्री मी संस्थेला राजीनामा कळवला होता. पुण्याला एका दवाखान्यात नोकरी ठरली होती. मला वाटलं होतं, इथे कोणालाच आपण नको आहोत.

हेंगारींनी डबा माझ्या हातात दिला.

"त्या दिवशी बोअरचा पंप बंद पडला होता," ते म्हणाले. "साडेतीनशे गुरं. आम्ही सगळे हाताने पाणी ओढत होतो. दुसऱ्या दिवशी आलो असतो. तू बोलावलं नाहीस."

मी डबा तोंडाला लावायचं विसरले.

"आणि तू जाणार आहेस हे मला माहीत होतं," ते पुढे म्हणाले. "सगळ्यांनाच माहीत होतं. मादी मारली त्या रात्री मी आस्नातला म्हटलं, दोन दिवस गप्प बसू. डॉक्टर गेली की पट्ट्याबद्दल विचारायला कोणी येणार नाही."

"मग?"

"ती म्हणाली, दोन दिवस गप्प बसलास तर पिल्लांना वाचवायलाही कोणी असणार नाही. रात्रभर माझ्याशी बोलली नाही. पहाटे माझा चर्चचा कोट काढून बाजेवर ठेवला आणि म्हणाली, ती बाई निघायच्या आत पोच." ते जरा हसले. "रस्ता खराब. मला भीती वाटत होती, तू मंगळवारऐवजी रविवारीच निघालीस तर काय करायचं. म्हणून इंजिन बंद केलं नाही. गेली असतीस तर तुझ्या मागे यावं लागलं असतं."

 ते माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या गवताकडे बघत होते. त्यांनी माझ्या हातातून डबा काढून घेतला, उरलेलं दूध संपवलं आणि विचारलं की राखणीच्या कुत्र्यांची पिल्लं अजून शिल्लक आहेत का. एक मला दे, ते म्हणाले, या दोघांची पोरं आता माझ्याच शेळ्यांवर येणार.

मी तिथे खूप वर्षं राहिले. नर पुढच्याच वर्षी दूरच्या एका शेतावर मारला गेला. मादी जगली. तिला तीनदा पिल्लं झाली. पहिल्या वेतातली चार मी आणि उआरिपीने एका वारुळावर बसलेली दुर्बिणीतून पाहिली. त्या बाजूला पुढे कोणी चित्ता मारलाच नाही असं नाही. पण शेळी गेली की लोक बंदुकीच्या आधी पेत्रिनाकडे येऊ लागले, आणि घरोघरी कुत्री दिसू लागली. हेंगारींचं कुत्रं आळशी निघालं. ते त्याला शिव्या देत आणि आपल्या ताटातलं घालत.

ते गेले तेव्हा मी राजधानीत होते. निरोप मिळताच निघाले आणि अंत्यविधीच्या सकाळी पोचले. अंगणभर माणसं होती, दूरदूरच्या गावांहून आलेली. बायका घराच्या एका बाजूला जमिनीवर बसल्या होत्या. मी पुरुषांच्या मागे कुठेतरी उभी राहणार होते, पण आस्नातने मला पाहिलं आणि हात केला. तिने आपल्या शेजारची बाई सरकवून मला जागा केली, अगदी घरच्या बायकांच्या ओळीत. पलीकडची एक पाहुणी माझ्या साडीकडे बघत राहिली. तिने आस्नातला हळूच विचारलं, ही कोण.

"आमची डॉक्टर," आस्नात म्हणाली. "झेफानियाने थांबवून घेतलेली."

मग तिने माझा हात आपल्या मांडीवर घेतला, आणि शवपेटी उचलेपर्यंत सोडला नाही.